सहभागी किती आणि टकरी किती

शिसे-२०८ या समस्थानिकाच्या एका अणुकेंद्रकात २०८ न्यूक्लिऑन, म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, असतात, त्यामुळे अशी दोन केंद्रके एकमेकांवर आदळली तरी सहभागींची संख्या ४१६ च्या वर जाऊच शकत नाही. असे असूनही ‘१,७०० न्यूक्लिऑन आदळले’ हे वाक्य माझ्या सांगलीतल्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत दरवर्षी सापडते. केंद्रकांची धडक ही सुट्या न्यूक्लिऑनांच्या जोडीजोडीने होणाऱ्या टकरींची बेरीज मानणाऱ्या ग्लाउबर प्रतिमानातला तो आकडा टकरींचा आहे.

निदान एक टक्कर झालेला न्यूक्लिऑन तो सहभागी, आणि तो एकदाच मोजायचा, उरलेले प्रेक्षक. इतके सर्वांना ठाऊक असते.

आपल्या हळदीच्या बाजारात एक व्यापारी पाच अडत्यांकडून माल घेतो, तेव्हा सौदे पाच आणि माणसे सहा होतात. प्रोटॉन शिशावर आदळतो तेव्हाही सहभागी टकरींपेक्षा एकानेच जास्त असतात, आणि घोळाचे मूळ मला या फसव्या जवळिकीतच दिसते. दोन्ही बाजूंना झुंबड असली की सौदे माणसांना कितीतरी मागे टाकतात. सर्न या युरोपीय प्रयोगशाळेत न्यूक्लिऑनांच्या दर जोडीमागे २.७६ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या, सर्वांत मध्यवर्ती (म्हणजे जवळजवळ समोरासमोर धडकेच्या) ५ टक्के शिसे-शिसे घटनांत सहभागी सुमारे ३८३, तर टकरी सुमारे १,७०० येतात.

मात्र व्यापाऱ्याचा खिसा सौद्यागणिक हलका होतो. या प्रतिमानातला न्यूक्लिऑन सरळ रेषेत जातो आणि त्याच्या प्रत्येक टकरीला तोच, येथे सुमारे ६४ मिलिबार्नचा, क्रॉस-सेक्शन (टक्कर होण्याची शक्यता क्षेत्रफळात सांगणारे माप) धरला जातो. हे गृहीतक विद्यार्थ्यांना खोटे वाटते, आणि मंद कणांच्या बाबतीत त्यांची शंका रास्तही आहे, कारण त्यांची एकूण पैदास स्थूलमानाने सहभागींच्या प्रमाणात वाढते. न्यूक्लिऑनांच्या आतल्या क्वार्क-ग्लुऑनांच्या तीव्र टकरी मात्र इतक्या दुर्मीळ असतात की न्यूक्लिऑनांची प्रत्येक गाठ ही स्वतंत्र संधी ठरते. म्हणून अशा टकरींतून येणाऱ्या, मोठ्या आडव्या (झोताला काटकोनातल्या) संवेगाच्या कणांची अपेक्षा टकरींच्या प्रमाणात धरायची.

वरच्याच घटनांत ६ ते ७ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास आडवा संवेग असलेले विद्युतभारित कण, टकरींच्या संख्येने भागल्यास, प्रोटॉन-प्रोटॉनच्या तुलनेत सुमारे ०.१४ पटच भरतात. टकरींऐवजी सहभागींच्या जोड्यांनी भागले, तर तेच गुणोत्तर १ च्या वर जाते आणि धडकेत तयार होणाऱ्या, मोकळ्या क्वार्क-ग्लुऑनांच्या तप्त प्लाझ्मातून जाताना तीव्र टकरींतले क्वार्क-ग्लुऑन ऊर्जा गमावतात याचा पुरावा कागदावरून पुसला जातो. टकरींनीच भागावे याची साक्ष झेड बोसॉन देतात, कारण प्लाझ्माशी तीव्र आंतरक्रिया न करणारे हे कण टकरींच्या प्रमाणातच सापडतात. दोन्ही राशींना ‘एन’ हेच अक्षर वापरतात, म्हणून खाली खूण न करता नुसता ‘एन’ लिहिलेले उत्तर मी तपासत नाही.