हौशी खनिजसंग्राहकांच्या क्षेत्रभेटी : पार्श्वभूमी

खनिजे जमवण्याचा छंद जुना असला, तरी त्यासाठी हौशी मंडळींनी गटाने बाहेर पडण्याची प्रथा बरीच अलीकडची आहे. अठराव्या शतकापर्यंत युरोपातील राजघराण्यांच्या आणि धनिकांच्या संग्रहांतील स्फटिक बहुधा खाणकामगारांकडून किंवा व्यापाऱ्यांकडून विकत घेतलेले असत, आणि त्यांच्या मूळ ठिकाणाची नोंद पुष्कळदा राहून जाई.

जर्मनीतील फ्रायबर्ग येथे १७६५ मध्ये खाणकाम अकादमी स्थापन झाली. तेथे आब्राहाम वेर्नर रंग, चकाकी, काठिण्य अशा बाह्य लक्षणांवरून खनिज ओळखायला शिकवत. त्यांचे शिष्य फ्रीडरिश मोस यांनी पुढे शंखजिऱ्यापासून हिऱ्यापर्यंत दहा पायऱ्यांची काठिण्यश्रेणी मांडली. त्यामुळे नख, तांब्याचे नाणे आणि चाकू यांनी ओरखडा उमटतो का ते पाहून, एवढ्या साधनांवर, प्रयोगशाळेविना, जागेवरच खनिजाचा प्राथमिक अंदाज बांधता येऊ लागला. हौशी माणसासाठी ही मोठीच सोय होती.

सामूहिक सहलींना खरे वळण मिळाले ते लंडनमध्ये. तेथील जिऑलॉजिकल सोसायटी १८०७ पासून कार्यरत होती, परंतु स्त्रियांना तिचे सदस्यत्व १९१९ पर्यंत मिळाले नाही. याउलट, १८५८ मध्ये हौशी अभ्यासकांसाठी स्थापन झालेल्या जिऑलॉजिस्ट्स असोसिएशनने आरंभापासून स्त्रियांना प्रवेश दिला आणि जाणकाराच्या मार्गदर्शनाखाली खाणी व कडे पाहण्याच्या सहलींना आपल्या कार्यात महत्त्वाचे स्थान दिले. माझ्या मते या छंदाच्या इतिहासातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच, कारण संग्रह करणे हा तेव्हापासून एकट्याच्या मालकीपेक्षा एकत्र शिकण्याचा विषय झाला.

अमेरिकेत न्यूयॉर्क मिनरलॉजिकल क्लब १८८६ मध्ये, तर देशभरातील प्रादेशिक महासंघांचा मध्यवर्ती महासंघ १९४७ मध्ये अस्तित्वात आला. मोटारींमुळे दूरच्या खाणी आवाक्यात आल्या, तशी ओरबाडण्याची भीतीही वाढली. ॲरिझोनातील अश्मीभूत वृक्षांच्या परिसराला १९०६ मध्येच संरक्षण द्यावे लागले होते; १९६२ च्या कायद्याने इतर सार्वजनिक जमिनींवरून अश्मीभूत लाकूड मर्यादित प्रमाणात, स्वतःपुरते नेण्यास मुभा दिली.

खासगी खाणीत मात्र मालकाची परवानगी लागते, आणि अपघाताची जबाबदारी कोणाची हा प्रश्न तेथे आधी उभा राहतो. विमा, शिरस्त्राणे, एक जबाबदार सहलप्रमुख आणि सैल कड्याखाली न जाण्याची शिस्त यांची हमी संघटना देऊ शकते. एकट्या संग्राहकाला ते अवघड जाते. म्हणूनच चालू खाणींत प्रवेश मिळवण्यासाठी आजही अनेक संग्राहकांना एखाद्या संघटनेचे सदस्यत्व घ्यावे लागते.