टी टॉरी तारे

वायू आणि धुळीच्या ढगातून नुकतेच बाहेर पडलेले, गाभ्यात हायड्रोजनचे ज्वलन (अणुसंमीलन) अजून सुरू न झालेले तरुण तारे. वस्तुमान साधारण सूर्याइतके किंवा त्याहून कमी. फार तर दोन-तीन पट. सूर्य लहानपणी कसा होता हे पाहायचे, तर या ताऱ्यांकडेच जावे लागते.

ज्या ताऱ्यावरून हे नाव पडले, तो वृषभ राशीत रोहिणी आणि कृत्तिका यांच्या मधल्या पट्ट्यात सुमारे ४७० प्रकाशवर्षांवर आहे. नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. लहान दुर्बिणीतून सापडतो. ऑक्टोबर १८५२ मध्ये जॉन रसेल हाइंड यांनी तो टिपला आणि त्याला खेटून असलेला एक फिकट तेजोमेघही. १८६१ मध्ये पाहिले, तर तेजोमेघ गायब! मोठमोठ्या दुर्बिणी लावूनही तो मिळेना. १८९० मध्ये पुन्हा अंधूक दिसला. ढग कुठेच गेला नव्हता. त्याला स्वतःचा उजेड नाही, ताऱ्याचा प्रकाश तो नुसता परावर्तित करतो, आणि ताऱ्यालगतची धूळ मध्ये आली की त्याच्यावर सावली पडते. म्हणजे धुळीची पहिली खूण हाती आली होती, फक्त ती कोणाला वाचता आली नाही.

आल्फ्रेड जॉय यांनी १९४५ मध्ये अशा लहरी, तेज सतत बदलणाऱ्या ताऱ्यांचा स्वतंत्र वर्ग केला. ते वयाने कोवळे असावेत, हा विचार त्यानंतर दोनच वर्षांत व्हिक्टर अंबारत्सुम्यान यांनी मांडला.

मूळ ढगात धूळ वस्तुमानाच्या जेमतेम एक टक्का असते. सिलिकेट आणि कार्बनचे अतिसूक्ष्म कण, थंड भागात त्यांच्यावर बर्फाचा थर. पण तेवढीच धूळ ताऱ्याचा दृश्य प्रकाश गिळते, तापते आणि ती ऊर्जा अवरक्त किरणांत बाहेर टाकते. म्हणून खरा अभ्यास अवरक्त उपकरणे आल्यावरच सुरू झाला. १९८२ मध्ये खुद्द टी टॉरीच्या शेजारी, दृश्य प्रकाशात कधीच न दिसलेला जोडीदार सापडला. दूर-अवरक्त किरण वातावरणातली बाष्प अडवते. त्यावर तोड म्हणून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १०० सेंमी. व्यासाची दुर्बीण हैदराबादहून फुग्याला टांगून वर पाठवली आणि तारे जन्मतात त्या ढगांचे नकाशे काढले.

नुसत्या ताऱ्याच्या मानाने अवरक्त प्रकाश किती जादा, यावरून बालताऱ्यांचे शून्य ते तीन असे वर्ग पाडतात : आधी पूर्ण वेढलेला, मग भोवती वायू-धुळीची फिरती तबकडी तेवढी उरलेला, शेवटी जवळपास उघडा. टी टॉरी तारे वर्ग दोन आणि तीनमध्ये बसतात. सोयीची पण जपून वापरायची पद्धत. तबकडी आपल्याकडे कड करून असली, तर मोठा झालेला ताराही तान्हा भासतो.

तबकडीतले वायू-धूळ ताऱ्यावर कोसळत राहतात, काही द्रव्य ध्रुवांकडून झोताने बाहेर फेकले जाते आणि उरलेल्यातून ग्रह घडतात. २०१४ मध्ये चिलीतल्या आल्मा दुर्बिणीने एचएल टॉरीच्या तबकडीचे चित्र घेतले. जेमतेम दहा लाख वर्षांच्या ताऱ्याभोवती गडद-उजळ कडी स्पष्ट दिसली. ती ग्रहांनीच कोरली असतील, तर ग्रह फारच लवकर घडू लागतात म्हणायचे.

निम्म्याहून अधिक तबकड्या काही दशलक्ष वर्षांतच विरतात. टीडब्ल्यू हायड्री हा तारा मात्र दशलक्षाच्या आठ-दहा पट वयाचा असूनही आपली धूळ अजून सांभाळून आहे.