अपग्रेडनंतर हार्ड डिस्क का रेंगते?

ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड झाली आणि कालपर्यंत बरा चालणारा संगणक आज साधी फाइल उघडायलाही मिनिटभर घेतो. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये डिस्कपुढे १०० टक्के दिसतं, पण वेग मात्र सेकंदाला जेमतेम काहीशे किलोबाइट. आकडे परस्परविरोधी वाटतात, पण दोन्ही खरे आहेत. ते १०० टक्के म्हणजे डिस्क पूर्ण वेळ गुंतलेली आहे, एवढंच. त्या वेळात ती किती माहिती देते, हा वेगळा प्रश्न.

डिस्कच्या आत तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवा तो सेक्टर, म्हणजे तबकडीवरचा माहितीचा छोटा कप्पा, वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो. त्याआधी हेडला योग्य ट्रॅकवर, म्हणजे तबकडीवरच्या गोल पट्ट्यावर, सरकायला साधारण ९ मिलिसेकंद. एका वाचनाला असे १३ मिलिसेकंद गेले, की सेकंदाला जेमतेम ७५ वाचनं होतात. विखुरलेले ४ किलोबाइटचे तुकडे वाचायचे असतील तर हाती येतात ३०० किलोबाइट. सलग मोठी फाइल असेल, तर हीच डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइटच्या पुढे जाते!

अपग्रेडनंतर नेमकी विखुरलेली कामं वाढतात. शोधासाठी सगळ्या फाइलींची सूची नव्याने बनते, अँटिव्हायरस नव्या फाइली तपासतो, राहिलेले अपडेट उतरतात. विंडोजमधल्याच रिसोर्स मॉनिटरच्या डिस्क टॅबमध्ये कोणता प्रोग्राम काय वाचतोय ते दिसतं. तिथे हीच मंडळी असतील, तर संगणक एखादी रात्र चालू ठेवा. घाईने सेवा, म्हणजे मागे चालणारे हे प्रोग्राम, बंद करत सुटू नका. सूची अर्धवट राहते आणि काम पुढे ढकललं जातं, इतकंच.

काही वेळा मात्र थांबून उपयोग नसतो. २०१८ च्या मॅकओएस मोहावे या ॲपलच्या सिस्टिमने फिरत्या डिस्कवरची फाइल सिस्टिमही, म्हणजे फाइली मांडून ठेवायची पद्धत, बदलून ॲपलचीच एपीएफएस केली. ती मुळात फ्लॅश साठवणीसाठी, म्हणजे फिरते भाग नसलेल्या चिपसाठी आखलेली. बदललेला भाग ती नव्या जागी लिहिते, त्यामुळे तुकडे पसरतात आणि हेडची पळापळ कायमची वाढते.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच शक्यतेची. अपग्रेड कित्येक गिगाबाइट नव्याने लिहितं, वर्षानुवर्षं न शिवलेल्या जागांवरही. तिथला एखादा सेक्टर कमजोर असेल तर डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते आणि सगळा संगणक कित्येक सेकंद गोठतो. दोष नव्या सिस्टिमवर जातो, आजार मात्र जुना असतो. म्हणून आधी महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप घ्या, मगच बाकीचे प्रयोग.

त्यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या साधनाने डिस्कच्या स्मार्ट नोंदी, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचे ठेवते ते आकडे, पाहा. क्रमांक ५ म्हणजे बाद करून दुसरीकडे हलवलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्याने निकाल लागायचे राहिलेले. हे आकडे वाढत असतील तर डीफ्रॅग, म्हणजे विखुरलेले तुकडे एकत्र मांडणं, अजिबात करू नका. मरणाऱ्या डिस्कला त्याने जास्तच राबवलं जातं. फक्त १९९, म्हणजे माहिती पाठवतानाच्या चुका, वाढत असेल तर संशय केबलवर घ्या, ती बदलून पाहणं सोपं आहे.

नोंदी स्वच्छ, कामं संपलेली, तरीही संथपणा कायम असेल, तर एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क, बसवावी हे माझं स्पष्ट मत. तिच्यात हेडच नसतं, विखुरलेलं वाचन सुमारे एक दशांश मिलिसेकंदात होतं. जुनी डिस्क फक्त मोठ्या, सलग फाइलींसाठी ठेवावी. ते काम तिला आजही छान जमतं.