अस्वलाची खुर्ची, अस्वलांचे घर

इंग्रजी शब्दाच्या शेवटी 'स' ऐकू आला की अपॉस्ट्रॉफी, म्हणजे अक्षराच्या वरच्या बाजूची स्वल्पविरामासारखी खूण, द्यायचीच, हा समज मुलांइतकाच मोठ्यांमध्येही पक्का आहे. तो होण्याला कारण आहे. सोनेरी केसांची मुलगी आणि तीन अस्वले ही गोष्ट घ्या. 'अस्वले', 'अस्वलाचे' आणि 'अस्वलांचे' या तिन्हींचा इंग्रजी उच्चार एकच: बेअर्झ. फरक दिसतो तो फक्त कागदावर: बेअर्स, बेअर'स, बेअर्स'.

जुन्या इंग्रजीत बऱ्याच नामांना षष्ठीचा 'एस्' प्रत्यय लागे. त्यातला स्वर पुढे बहुतेक शब्दांत गळून पडला. अपॉस्ट्रॉफी ही गळलेल्या अक्षराची खूण, १६व्या शतकात फ्रेंचमधून आलेली. अपॉस्ट्रॉफीसहचा हा 'स' म्हणजे 'हिज'चे ('त्याचा' या शब्दाचे) लघुरूप आहे, असे त्या काळी अनेकांना वाटे. पण मग राणीच्या मुकुटालाही तोच 'स' कसा लागतो?

या 'स'चा उच्चार मात्र फार सुंदर नियमाने बदलतो. 'कॅट'चा शेवट अघोष (कंठ न थरथरता निघणारा), म्हणून 'स'. 'डॉग'चा घोष (कंठ थरथरून निघणारा), म्हणून 'झ'. 'फॉक्स'च्या शेवटी आधीच 'स'-'श'सारखा ऊष्म ध्वनी, म्हणून मध्ये स्वर घालून 'इझ'. बहुवचन असो, मालकी असो की क्रियापद, नियम हाच. १९५८ मध्ये भाषेच्या अभ्यासक जीन बर्को यांनी लहान मुलांना काल्पनिक प्राण्यांची चित्रे दाखवून 'ही टोपी कोणाची?' असे विचारले. कधीही न ऐकलेल्या नावांनाही मुले प्रत्यय लावत होती. म्हणजे मुले फक्त ऐकलेले शब्द पाठ करत नाहीत, नियम उचलतात. मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राउन यांच्या १९७३च्या अभ्यासात तर ध्वनी एकच असूनही मुलांच्या बोलण्यात बहुवचनाचा 'स' आधी पक्का झाला, मालकीचा नंतर आणि क्रियापदाचा त्याहून उशिरा. 'आठवड्यात इंग्रजी व्याकरण' अशा जाहिरातींवर म्हणूनच माझा विश्वास नाही.

मराठी मुलाजवळ मात्र एक तयार साधन आहे: अनुस्वार. अस्वलाची खुर्ची, पण अस्वलांचे घर. मालक एक की अनेक, हे सामान्यरूपावरचा तो ठिपका सांगतो. ठिपका नसेल तर एकवचन लिहून अपॉस्ट्रॉफी आणि 'स'. ठिपका असेल तर आधी बहुवचन पूर्ण लिहायचे. त्याच्या शेवटी 'स' आला तर नुसती अपॉस्ट्रॉफी, नाही आला तर अपॉस्ट्रॉफी आणि 'स'. म्हणून सात बुटक्यांच्या पलंगांना 'ड्वॉर्फ्स'' आणि मुलांच्या खाऊला 'चिल्ड्रन'स'. सरावाला ओळखीच्या गोष्टी घ्याव्यात त्या याचसाठी. बुटके सात आणि सिंड्रेला एकच, हे मुलाला आधीच ठाऊक असते. सगळे लक्ष खुणेच्या जागेकडे देता येते.

एका ठिकाणी हा ठिपका फसवतो. 'राजेसाहेबांचा मुकुट' यात अनुस्वार आदराचा आहे, राजा एकच, तिथे 'किंग'स'च.

सर्वनामांची गोष्ट वेगळी. मराठीत 'मी'चे 'माझे' होते, तसे इंग्रजीत 'इट'चे 'इट्स', अपॉस्ट्रॉफीशिवाय. सशाची झोप सांगताना हेच लिहायचे. अपॉस्ट्रॉफी दिली की त्याच 'इट्स'चा अर्थ 'ते आहे' असा होतो.