मुंबई आंदण देणारे ब्रागांझा घराणे

मुंबई आंदणात गेली, एवढे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ती देणाऱ्या पोर्तुगालच्या ब्रागांझा राजघराण्यावर तेव्हा काय वेळ आली होती, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

ऑगस्ट १५७८ मध्ये पोर्तुगालचा २४ वर्षांचा अविवाहित राजा सेबास्तियांव मोरोक्कोवर चालून गेला आणि अल्कासर किबीरच्या लढाईत मारला गेला. त्याच्यामागे आजोबांचा भाऊ, कार्डिनल हेन्री, गादीवर बसला; तोही १५८० मध्ये निपुत्रिक वारला. स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने आईकडून आलेला हक्क सांगत सैन्य धाडले. पुढची ६० वर्षे पोर्तुगालवर स्पेनच्याच राजांची सत्ता होती. स्पेनचे शत्रू आता पोर्तुगालचेही झाले आणि डच आरमार पूर्वेकडच्या ठाण्यांवर तुटून पडले.

१ डिसेंबर १६४० रोजी सकाळी सुमारे ४० सरदारांनी लिस्बनच्या राजवाड्यात घुसून स्पेनच्या मर्जीतला सचिव मिगेल द व्हास्कोन्सेलुश याला ठार केले व त्याचे प्रेत खिडकीतून खाली फेकले. ब्रागांझाचा ड्यूक जुआंव चौथा म्हणून राजा झाला. १६४६ मध्ये त्याने आपला मुकुट मेरीमातेला अर्पण केला. त्यानंतर पोर्तुगालच्या एकाही राजाने मुकुट डोक्यावर धारण केला नाही.

पण स्पेन हे घराणे मानायलाच तयार नव्हता. पोपही मान्यता देईना. १६५६ मध्ये जुआंव वारला आणि अल्पवयीन मुलाच्या वतीने राणी लुईझा कारभार पाहू लागली. ती जन्माने स्पॅनिश, तरी स्पेनविरुद्ध सर्वांत खंबीर तीच ठरली. १६५९ मध्ये फ्रान्सनेही स्पेनशी तह केला, तेव्हा उरला इंग्लंड. १६६१ च्या करारानुसार राजकन्या कॅथरिन दुसऱ्या चार्ल्सला दिली गेली. सोबत मोरोक्कोतले टँजियर बंदर, मुंबई आणि मोठी रोख रक्कम. बदल्यात इंग्लंडने लष्करी मदत कबूल केली. मुंबई ही राज्य वाचवण्यासाठी मोजलेली किंमत होती, असे मला ठामपणे वाटते. गोव्याचा व्हाइसरॉय मेलु इ काश्त्रु याला हा व्यवहार बिलकूल पसंत नव्हता. त्याने टाळाटाळ केली, म्हणून बेट इंग्रजांच्या हाती पडायला १६६५ उजाडले. १६६८ मध्ये स्पेनने पोर्तुगालचे स्वातंत्र्य मान्य केले. त्याच वर्षी चार्ल्सने मुंबई वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली.

अठराव्या शतकात ब्राझीलच्या सोन्यावर लिस्बन दिमाखात राहिले, तरी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली. १८०७ मध्ये नेपोलियनचे सैन्य येताच राजदरबार जहाजांत बसून ब्राझीलला गेला. पुढे पेद्रु आणि मिगेल या राजघराण्यातल्या सख्ख्या भावांत गादीसाठी यादवी झाली. उदारमतवादी पेद्रुचा पक्ष जिंकला आणि त्यातूनच बेर्नार्दु पेरीश द सिल्व्हा हा गोमंतकीय १८३५ मध्ये गोव्याचा प्रमुख झाला. स्थानिक लष्कराने उठाव करून त्याला तीन आठवड्यांच्या आत घालवले.

१८९० मध्ये अंगोला व मोझांबिक या पोर्तुगालच्या आफ्रिकेतल्या वसाहतींमधल्या मुलखावरून ब्रिटनने निर्वाणीचा इशारा दिला आणि राजा नमला. या अपमानानंतर प्रजासत्ताकवाद्यांचे बळ वाढत गेले. १ फेब्रुवारी १९०८ रोजी लिस्बनच्या चौकात राजा कार्लुश व युवराज यांना गोळ्या घातल्या गेल्या. राजाचा १८ वर्षांचा धाकटा मुलगा मानुएल गादीवर आला खरा, पण ५ ऑक्टोबर १९१० ला प्रजासत्ताक जाहीर झाले आणि त्याला देश सोडावा लागला.

गोव्यातल्या हिंदूंसाठी या तारखेचे मोल मुंबईच्या आंदणापेक्षाही मोठे आहे. राज्य आणि चर्च यांना विलग करणारा कायदा एप्रिल १९११ मध्ये झाला, कॅथलिक धर्म राज्यधर्म राहिला नाही आणि हिंदू कायद्याने बरोबरीचे नागरिक ठरले. फोंड्यात त्याच वर्षी गोवा विद्याप्रसारक मंडळ उभे राहिले. मराठी शाळा, वाचनालये, नियतकालिके यांना बहर आला. १९२६ च्या लष्करी उठावाने ते प्रजासत्ताक संपले. नंतर हुकूमशहा सालाझारच्या काळात वृत्तपत्रांवर सेन्सॉरचा पहारा बसला आणि १९३० च्या वसाहत कायद्याने गोव्याचा कारभार पुन्हा लिस्बनच्या मुठीत गेला.