‘एलईडी’ टीव्हीतही एलसीडीच असतो

“एलसीडी जुना झाला, एलईडी घ्या,” हे दुकानात अजूनही ऐकू येतं. खरं तर स्वस्त एलईडी टीव्हीचा पडदा एलसीडीचाच. बदलला तो मागचा उजेड. पूर्वी तिथे बारीक ट्यूबलाइट असायच्या, आता एलईडी दिवे. ‘क्यूएलईडी’ही त्यातलाच, फक्त रंग खुलवणारा एक थर जास्त.

म्हणून स्टिकर सोडा, पडदा बघा. सिनेमातला रात्रीचा प्रसंग लावायला सांगा. वर-खालच्या काळ्या पट्ट्या राखाडी दिसल्या तर बहुधा आयपीएस पॅनेल, म्हणजे एलसीडी पडद्याचा एक प्रकार. बाजूला सरकल्यावर रंग फिके पडले तर बहुधा व्हीए, हा दुसरा प्रकार. दुकानातल्या झगमगाटात पट्ट्या नीट कळत नाहीत, तेव्हा हाताने आडोसा करायचा. सेल्समन हसतो, हसू दे.