मुनीमजींचं बटण कुठं गेलं?

लातूरच्या मोंढ्यातल्या एका अडत दुकानासाठी मी हिशोबपट्टीचा प्रोग्रॅम लिहिला होता. शेतकऱ्याचं नाव, गाव, कट्टे, वजन, भाव, हमाली, तोलाई आणि उजवीकडे ‘पट्टी छापा’ हे बटण. माझ्या स्क्रीनवर सगळं जागच्या जागी होतं. दुकानातला मॉनिटर मात्र जुना, 1024 पिक्सेल (म्हणजे स्क्रीनवरचे ठिपके) रुंदीचा. मुनीमजींनी सोयाबीनची पहिली पट्टी भरली आणि फोन लावला, ‘‘साहेब, छापायचं बटण कामून दिसंना?’’

बटण होतं, पण स्क्रीनच्या बाहेर.

विंडोतल्या प्रत्येक बटणाची, चौकटीची जागा चार आकड्यांवर ठरते: डाव्या कडेपासूनचं अंतर, वरच्या कडेपासूनचं अंतर, रुंदी आणि उंची. मोजणी वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू होते आणि खाली जाताना आकडा वाढतो, शाळेतल्या आलेखाच्या उलट. 1991 मध्ये आलेल्या व्हिज्युअल बेसिक या प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनामुळे बटण माऊसने ओढून ठेवलं की हे आकडे आपोआप भरले जाऊ लागले. काम फार सोपं झालं, पण ते आकडे तेवढ्याच मापाच्या विंडोपुरते असतात हे विसरायलाही तितकंच सोपं.

माझ्या विंडोची आतली रुंदी होती 1260 पिक्सेल. बटण डावीकडून 1120 वर, रुंदी 120. म्हणजे उजवीकडे 20 पिक्सेल मोकळे. यातला जपायचा आकडा 1120 नव्हे, 20. शेतातल्या बोअरची जागा सांगताना आपण जवळच्या धुऱ्यापासूनच पावलं मोजतो ना, तसंच.

विंडोचं माप बदललं की प्रोग्रॅमला तशी सूचना मिळते. त्या क्षणी नवं गणित करायचं: आतली रुंदी वजा 120 वजा 20. रुंदी 1000 झाली तर बटण 860 वर. मालाच्या तक्त्याला मात्र दोन्ही बाजूंनी 20 सोडून ताणायचं, म्हणजे 960. एक खाचखळगा इथे आहे. विंडो मिनिमाइझ केली की आतली रुंदी शून्यावर येते, तक्त्याची रुंदी उणे निघते आणि जुन्या व्हिज्युअल बेसिकमध्ये प्रोग्रॅम तिथेच अडतो. म्हणून आधी तपासून घ्यावं.

2002 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटसोबत आलेल्या विंडोज फॉर्म्स या विंडो बनवण्याच्या साधनामध्ये ही वजाबाकी ‘अँकर’ करतो. बटण कोणत्या कडांना बांधायचं एवढंच सांगायचं. काही सांगितलं नाही, तर ते वर आणि डावीकडे बांधलेलं राहतं. माझं तसंच राहून गेलं होतं.

दुकानात गेलो तेव्हा दुसरी गोष्ट दिसली. मुनीमजी साठीपुढचे, त्यांनी अक्षरं 125 टक्क्यांवर ठेवलेली. अक्षरं वाढली, चौकटीची उंची तेवढीच. इंग्रजी आकडे त्यात कसेबसे मावत होते, पण ‘पट्टी’ची वेलांटी वरून आणि ‘ट्टी’चं पोट खालून कापलं जात होतं. देवनागरीला शिरोरेघेच्या वर आणि जोडाक्षराच्या खाली जागा लागतेच, म्हणून चौकटीची उंची अक्षराच्या मापावरूनच काढायला हवी. ती दुरुस्ती मी तिथेच, तुरीच्या कट्ट्यांशेजारी बसून केली. मुनीमजींनी चष्मा वर सरकवला, बटण वाचलं आणि दाबलं.